लाटण्याने ऐकलेलं इंजिन

"इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी जो गिऱ्हाईकाचं तोंड वाचतो, तो मेकॅनिक चोर आहे."

हे वाक्य मी लिहिलं, छापलं आणि परभणीच्या आठवडी बाजारात स्वतः उभी राहून वाटलं. चार पानी पत्रक, पिवळा कागद, वर जाड अक्षरांत नाव: 'बोनेट उघडा!' एअर फिल्टर कसा साफ करायचा, ऑइल कसं बदलायचं, इंजिनवरचा पट्टा कसा तपासायचा, प्लग कसे बदलायचे, सगळं त्यात होतं. परिणाम असा झाला की शहरातल्या निम्म्या गॅरेजवाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. उरलेल्या निम्म्यांनी स्वतःची गिऱ्हाईकं माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. "जिचं पत्रक वाचून गाडी खोलली, तिच्याकडंच जा की!" ही दुसरी शिक्षा मला जास्त जड गेली.

मी प्रज्ञा. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, त्याबद्दल मला काही विचारू नका, सगळे तेच विचारतात. फोटो काढायला येणारे पाना हातात घ्यायला सांगतात, आणि मी घेतला की उलटा धरायला लावतात. तसा तो छान दिसतो म्हणे.

पत्रकाची सवय घरातून आली. वडील सरकारी कार्यालयात कारकून, पण वस्तीतल्या जयंतीचं पत्रक दरवर्षी त्यांच्याच हातचं. मी शाळेत असल्यापासून त्याची प्रुफं वाचायचे. पुढे वसतिगृहात पाणी येईना, शिष्यवृत्ती मिळेना, तेव्हा मी स्वतः लिहायला लागले. वाक्य लहान, शब्द जाड, दोषी समोर उभा. आणि जो विषय एका पानात मावत नाही तो कुणी वाचत नाही, हा नियम तर मी इतरांना शिकवायचे. त्या नियमाने माझं काय केलं ते पुढे येईलच.

माझा राग खरा होता आणि आजही आहे. गाडीतून जरा वेगळा आवाज आला की घरचं माणूस घाबरतं. गॅरेजवाला बोनेटमध्ये डोकं घालतो, जीभ टाळूला लावून च्यक् करतो आणि काहीच सांगत नाही. ते च्यक् ऐकून माणूस कशालाही हो म्हणतो. बायका एकट्या आल्या तर ते च्यक् दोनदा होतं. ज्ञान आत कोंडून ठेवायचं आणि बाकीच्यांनी दाराबाहेर उभं राहायचं, हा प्रकार माझ्या आजोबांच्या पिढीने आयुष्यभर पाहिला. बोनेटखाली तो अजून चालू आहे हे मला सहन होत नव्हतं. म्हणून पत्रक.

फक्त एक माणूस त्या पत्रकाने दुखावला, ज्याला मला दुखवायचं नव्हतं. रहीम उस्ताद. माझ्या गॅरेजपासून चार दुकानं पलीकडे त्यांचं गॅरेज. आयटीआयनंतर तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मला आज जे काही ऐकू येतं ते त्यांनी ऐकायला शिकवलेलं. पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले, खिशातून घडी केलेला पिवळा कागद काढला आणि म्हणाले, "बेटी, मैं बी चोर?"

"उस्ताद, तुमच्याबद्दल नाही ते."

"नाम तो किसी का नहीं लिखी तू. मतलब सबका लिखी."

मी टपरीवर चहा सांगितला. मागवलेला चहा तसाच ठेवून ते गेले आणि त्यानंतर रस्त्यात दिसले तरी नुसती मान हलवायचे.

आता थोडं कामाबद्दल. इंजिन बोलतं, पण ते काय बोलतं हे सांगायला येतं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईकाची भाषा प्रत्येकाची वेगळी. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो ना, तसा." "म्हातारं माणूस पहाटे खाकरतं तसा." एक तरुण शिक्षक माझ्यासमोर उभा राहून पाच मिनिटं तोंडाने आवाज काढत होता, शेवटी शेजारचा पानवाला पाणी घेऊन धावत आला. मी सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारते. आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? इंजिन गार असताना जास्त की तापल्यावर? अॅक्सिलेटर दाबला की जलद होतो का? एवढ्यावरून आवाज इंजिनचा की चाकांचा हे बहुतेक वेळा कळतं.

घरी दुरुस्त केलेल्या गाडीला चौथा प्रश्न लागतो: शेवटचा हात कुठे लावला? कारण नवा आवाज नव्वद टक्के तिथूनच येतो. (नव्वद हा आकडा माझा, मोजलेला नाही.) आणि या प्रश्नाला प्रत्येक जण खोटं बोलतो. "मी? मी तर काईच केलं न्हाई." अंगठ्याच्या नखात काळं ऑइल, शर्टाच्या बाहीवर ग्रीस, आणि काहीच केलं नाही! गाडी खोलण्याआधी मला माणूस खोलावा लागतो. मी चहा पाजते. दुसऱ्या घोटाला कबुली येते.

एका गृहस्थाने ऑइल बदललं, आणि समईत घालतात तसं काठोकाठ घातलं. ऑइल मोजायची पट्टी इंजिनमध्येच असते, पत्रकात तिचं चित्रसुद्धा होतं. त्याचं म्हणणं, "थोडं जास्तीचं असू द्यावं, आपल्याच इंजिनाला घालायलाव, दुसऱ्याच्या थोडीच." जास्त ऑइल आत घुसळून फेस होतो, फेसाने वंगण होत नाही, आणि वरचे सुटे भाग टकटक करायला लागतात. मी जादाचं ऑइल काढलं, टकटक थांबली. तो हळहळत म्हणाला, "मंजी उपाशी ठेवलं की गप बसतंय."

पिंगळीच्या एका भाऊंनी तर काहीही खोललं नव्हतं. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात, पण बाहेरून. भाऊंनी माझं पत्रक वाचून बोनेट उघडलं आणि थेट इंजिनचीच पूजा केली. हळद-कुंकू, हार, विड्याच्या पानावर गणपती म्हणून सुपारी. दुसऱ्या दिवसापासून वळणावर खुळखुळ. सरळ रस्त्याला गप्प, वळलं की खुळखुळ. दोन गॅरेजवाल्यांनी स्टिअरिंग खोलायला सांगितलं होतं. मी खाली शिरले तर इंजिनखालच्या प्लास्टिकच्या तबकात सुपारी निवांत इकडून तिकडे फिरत होती. मी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. भाऊंनी ती कपाळाला लावली आणि विचारलं, "ताई, देव हाय, आतच ऱ्हाऊ द्यावा का?"

मी देव मानत नाही. पण गिऱ्हाईक मानते. म्हटलं, "डॅशबोर्डवर चिकटवा. तिथे आवाज करणार नाही."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग सेलूहून ती गाडी आली.

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. रस्त्याच्या कोपऱ्यापासून किंकाळी. गॅरेजसमोर थांबली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली होती. जुनी, छोटी, तीन सिलेंडरची पेट्रोल गाडी, पण काचेसारखी स्वच्छ. स्टिअरिंगवर साठीच्या बाई, चष्मा, सुती साडी, पाठ ताठ. शेजारी एक काका, मांडीवर हत्यारांची कापडी पिशवी.

बाई उतरल्या. "मी शांताबाई. सेलूला शाळेत होते, आता निवृत्त. हे आमचे देवराव. जिनिंगमध्ये फिटर होते, तीस वर्षं. त्या कापसाच्या यंत्रांनी ह्यांचे कान खाल्ले. गाडी मी चालवते, दुरुस्त हे करतात. ह्यांचे हात आणि माझे कान, असं आमचं चाललंय."

काकांनी मला नमस्कार केला आणि खिशाला हात लावून दाखवला. कानाचं मशीन तिथे होतं. "त्यात नुसता गोंधळ वाजतोय," ते म्हणाले. "खिशातच बरं."

मी बोनेट उघडलं आणि नाक मागे घेतलं. पट्ट्यावर काहीतरी चिकट, पिवळट थापलं होतं.

"काका, हे काय?"

माझ्या ओठांकडे बघून त्यांनी ओळखलं. "राळ."

"राळ?"

"मग! जिनिंगचा पट्टा सटकायला लागला की राळ लावायची. बिनराळीचा पट्टा चालंल का?"

जिनिंगच्या रुंद, सपाट पट्ट्याला राळ लावतात हे खरं आहे. गाडीच्या पट्ट्यावर मात्र ती धूळ धरते आणि किंचाळते. शिवाय काकांनी पट्टा असा ताणला होता की बोटाने टिचकी मारली तर तंबोरा वाजावा. मी चिडले. दोन्ही हात हलवत मी त्यांना ऐकवलं की ही जिनिंग नाही, ही गाडी आहे, एवढ्या ताणाने बेरिंगं मरतात, पत्रकात स्पष्ट लिहिलंय की अंगठ्याने दाबून बोटभर दबला पाहिजे, लोक वाचतात कशाला!

काकांनी बाईंकडे बघितलं. "काय म्हणायलीय?"

"म्हणायलीय, लय मेहनत घेतली तुमी."

काका माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. माझा राग तिथेच संपला.

नवा पट्टा बसवला, तो ज्यांवर फिरतो ती चाकं धुतली. किंकाळी गेली. आणि ती गेल्यावर तिच्याखाली दबलेला दुसरा आवाज वर आला. चक्-चक्-चक्-चक्. इंजिनमधून, उभ्या गाडीत, अॅक्सिलेटरबरोबर जलद होणारा. बाईंनी मान तिरकी केली. "हा पण आधीपासून आहे. मला वाटलं, त्याच्यातलाच एक."

मी चौथा प्रश्न विचारला. देवराव काका हे माझ्या आयुष्यातले एकमेव गिऱ्हाईक ज्यांनी त्याचं खरं उत्तर दिलं. पिशवीतून पिवळं पत्रक काढलं. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण. फिल्टर, ऑइल, पट्टा, प्लग. ("पट्ट्याच्या ओळीखाली 'राळ' मीच वाढवली," ते म्हणाले. "तुमच्याकडून राहिली असंल म्हणून.")

"प्लग नीट घट्ट केलेत?"

"पत्रकात लिवलंय तसेच. एक अक्षर सोडलं न्हाई."

मी खूश झाले. शोधायच्या यादीतून प्लग काढून टाकले आणि पुढे गेले.

गाडी ठेवून घेतली आणि दोन दिवस मी त्या आवाजामागे होते. ऑइल बरोबर होतं. वरचं झाकण काढून आतलं सगळं तपासलं, तेही बरोबर. आवाज तसाच. शुक्रवारी दोघं चौकशीला आले तेव्हा शांताबाईंनी मला बाजूला घेतलं आणि काय पणाला लागलंय ते सांगितलं.

मुलगा सुनील पुण्याहून दिवाळीला आला होता. गाडी विका, असं त्याचं दोन वर्षं चाललं होतं. आईचं वय झालं, बाबांना ऐकू येत नाही, आणि ही जोडी सेलू-परभणी करत फिरते. या वेळी त्याने सेलूतच गिऱ्हाईक ठरवलं होतं. तो माणूस रविवारी दुपारी चार वाजता गाडी बघायला येणार होता. भांडण झालं. शेवटी काकांनीच शब्द दिला: इंजिन माझ्या हातानं गेलं असंल तर चावी तुझी, त्या मोडक्या गाडीचं काय करायचं ते कर. नसंल गेलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"माझं एक सोड," बाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं बस स्टँडवर बसून नोकरी केली, पुन्हा तिथं बसायची माझी तयारी नाही. पण ह्यांचं बघ. जिनिंग सुटली तशी हातात उरलेली ही एकच मशीन आहे. आपल्या हातानं बिघडलं असं ठरलं, तर हा माणूस पुन्हा पाना उचलणार नाही."

मी म्हटलं, "इंजिन गेलेलं नाही."

"कशावरून?"

मी पुन्हा बोनेटमध्ये डोकं घातलं.

रविवारी सकाळी अकराला तिघं आले. सुनील वाईट मुलगा नव्हता, दमलेला होता. तिऱ्हाईत माणसाने निकाल द्यावा म्हणून तो वाटेत थांबून चांगला मेकॅनिक कोण ते विचारून आला होता, आणि लोकांनी त्याला जे नाव सांगायचं तेच सांगितलं. रहीम उस्ताद त्याच्यासोबत चालत आले. पत्रकानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या गॅरेजात पाय ठेवला. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

इंजिन चालू केलं. उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. वायर काढली की त्या सिलेंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथला जोर नाहीसा होतो. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि चक्-चक् एकदम बसली. वायर लावली, पुन्हा सुरू.

"तीन नंबर," उस्ताद म्हणाले. "कनेक्टिंग रॉड का बेरिंग." त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी स्वतः वायर काढून बघितली. तसंच. ही परीक्षा मला त्यांनीच शिकवली होती आणि त्यांनी ती बरोबर केली होती. रॉडचं बेरिंग म्हणजे इंजिनच्या पोटातला भाग. ते गेलं की अख्खं इंजिन उतरवायचं, आणि इतक्या जुन्या गाडीसाठी ते कुणी करत नाही.

सुनीलने हात पुढे केला नाही, पण काकांना समजलं होतं. सगळ्यांची तोंडं त्यांनी वाचली होती. इंजिन चालूच होतं; त्यांनी खिशातली जादाची चावी काढली. हातात धरली. मग परत खिशात टाकली आणि हत्यारांच्या पिशवीत हात घातला.

पिशवीतून लाटणं निघालं.

"अगं बाई!" शांताबाई ओरडल्या. "माझं लाटणं! चार दिवस झाले घर पालथं घातलं मी! करंज्या बाटलीनं लाटल्या अहो मी, बाटलीनं!"

काकांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. त्यांनी लाटण्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं इंजिनवर टेकवलं आणि डोळे मिटले. लाटण्याच्या टोकावर जुन्या दातांच्या खुणा होत्या. म्हणजे हे पहिल्यांदा चाललेलं नव्हतं.

आम्ही मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतो, त्याच जातीचं हे आहे. फरक इतकाच की दातातून आवाज हाडात जातो आणि हाडातून थेट आत. बाहेरचा कान मेला तरी तो रस्ता काहींचा उघडा राहतो. (तुम्ही करू नका. फिरत्या पट्ट्याजवळ दात न्यायचा नसतो. काकांचा हात तीस वर्षांचा आहे.)

त्यांनी सुरुवात खालून केली, जिथे ती बेरिंगं असतात. बराच वेळ. मग लाटणं तोंडातून काढून म्हणाले, "खाली गप हाय. बेरिंग गेलं असतं तर दात हालले असते माझे." मग थोडं वर. मग आणखी वर. पहिल्या प्लगपाशी, दुसऱ्यापाशी. तिसऱ्यापाशी थांबले. पुन्हा खाली गेले, पुन्हा तिसऱ्यापाशी आले. आम्ही चौघं त्या माणसाच्या जबड्याकडे बघत होतो.

लाटणं काढलं. "ठोका न्हाई हा," काका म्हणाले. "फुंकर हाय."

उस्तादांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बेटी, साबन का पानी."

मी धावत जाऊन बादलीतच साबण कालवला. उस्तादांनी तिसऱ्या प्लगच्या बुडाशी फेसाचं पाणी सोडलं. आणि चक्-चक्च्या तालावर तिथे बुडबुडे यायला लागले. एक, दोन, फट्. एक, दोन, फट्. लहान मूल नळी घालून दुधात फुंकतं तसे. प्लगच्या बुडातून सिलेंडरमधला दाब बाहेर निसटत होता, तोच आवाज. वायर काढली की जोर जायचा आणि फुंकर बसायची, म्हणून परीक्षेत तो बेरिंगसारखाच दिसला.

उस्ताद हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून. "मैं इंजिन उतारने चला था, और ये बुड्ढा दाँत से सुन लिया!"

इंजिन बंद केलं, जरा निवू दिलं, मी प्लगचा पाना लावला. तिसरा प्लग दोन बोटांनी फिरला. पहिले दोन काकांच्या फिटरच्या बोटांनीच घट्ट आवळले होते. तिसरा अडचणीच्या जागी, तिथे बोटं पोचली नव्हती.

आणि मी, इतका आनंद समोर असताना, पुन्हा भडकले. सवय. "काका! सैल आहे हा! घट्ट केले म्हणालात! एक अक्षर सोडलं नाही म्हणालात! प्लग हाताने कुणी ठेवतं का नुसता, पाना लावायचा नाही का?"

या वेळी शांताबाईंनी भाषांतर केलं नाही. काकांनीच पिवळं पत्रक काढलं, तिसरं पान उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवलं.

"नवा प्लग हाताने बसवा. हाताने घट्ट करा."

त्याच्या खाली, पुढची ओळ नव्हती. जाड चौकट होती. चौकटीत माझी घोषणा: "भिऊ नका! इंजिन तुमचं आहे, मेकॅनिकच्या बापाचं नाही!"

मला ती दुपार आठवली. टाइप करणारा मुलगा म्हणाला होता, ताई, चौकट बसत नाही, एक ओळ काढावी लागेल. मी म्हटलं होतं, काढ, आणि कोणती काढायची ते मीच बोटाने दाखवलं होतं. "मग पान्याने अर्धा वळसा द्या." घोषणा ठेवली, पाना काढला.

"काका," मी म्हटलं, आता हळू, ओठ नीट हलवून. "तुम्ही फिटर. हाताने घट्ट करून पुरत नाही, हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पर वाटलं, नव्या जमान्याच्या मशीनीचं तसंच असंल." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "छापलंय मंजी कुणी इचार करूनच छापलं असंल."

पत्रकं लिहायला लागल्यापासून मी पोलिसांच्या, प्राचार्यांच्या, पुढाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. एकही इतकी लागली नव्हती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, सुनीलला उद्देशून, कारण निकाल त्याला हवा होता: "इंजिन गेलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या हाताची चूक नाही. चूक माझी आहे आणि ती मी छापून बाजारात वाटली आहे."

उस्तादांनी काकांच्या हातातून पत्रक घेतलं. तिसरं पान वाचलं. मग पान उलटून पहिलं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ये बी ठीक करना पडेंगा, बेटी."

"करते, उस्ताद."

मग ते खुर्चीवर बसले. मी चहा मागवला. त्यांनी तो प्यायला.

पुढचं थोडक्यात सांगते. मी चिठ्ठ्या छापल्या, एकच ओळ, पान्याची, आणि सलग तीन बाजार उभी राहून ज्याच्या हातात कधी पिवळा कागद दिसला होता त्याला हाका मारून दिल्या. चार गाड्या सैल प्लगच्या निघाल्या. चारही वेळा मी हात जोडले. हे काम मला जमत नाही, पण सरावाने येतं. दुसऱ्या आवृत्तीत घोषणेची चौकट गेली आणि तिथे पाना आला. पहिल्या पानावर आता लिहिलंय, "काही मेकॅनिक चोर असतात." उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हां, अब सच है. दो के नाम तो मैं बताऊँ." पत्रक बंद करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर तेच आहे जे होतं: बोनेट उघडा. फक्त आता छापायच्या आधी प्रूफ उस्तादांकडे जातं, आणि दुसरं सेलूला.

पण त्या रविवारचं राहिलंच. तिन्ही प्लगना अर्धा-अर्धा वळसा मी दिला नाही, काकांना द्यायला लावला. त्यांनी पाना धरला तेव्हा सुनील जवळ जाऊन उभा राहिला आणि तिसऱ्या प्लगची वायर बाजूला धरून त्यांना जागा करून दिली. मग तो गॅरेजबाहेर गेला आणि चार वाजता येणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणाला. आत येऊन आईला म्हणाला, "पण आई, हळू चालवायची."

"मी कधी जोरात चालवली?" शांताबाई म्हणाल्या आणि पिशवीतून लाटणं काढून घेतलं.

बाई स्टिअरिंगवर बसल्या, काका शेजारी, सुनील मागे गुडघे पोटाशी घेऊन. चावी फिरली. उस्ताद आणि मी दोघांनीही कान दिला, सवयीने. इंजिन चालू होतं, हे फक्त बोनेटच्या हलक्या थरथरीवरून कळत होतं.

काकांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. "काय ऐकू यायलंय?"

बाईंनी बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली. "काहीच न्हाई."

"मग झालं तर," काका म्हणाले. "आता आपल्या दोघांला सारखंच ऐकू यायलंय. चल."